जांभई आली म्हणजे ऑक्सिजन कमी? नाही हो

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. जांभई आली म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय, फुप्फुसं कमजोर झालीत, आणि दुसऱ्याची जांभई बघून ज्याला येत नाही त्याला माया नाही म्हणे. आमची मावशी हे वाचून दिवसभर ऑक्सिमीटर लावून बसली, 98 दाखवतोय तरी घाबरलेली, म्हणून लिहितोय.

ऑक्सिजनचं तर 1987 मध्येच तपासून झालंय. अमेरिकेत मेरीलँडला रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरांना 100 टक्के ऑक्सिजन दिला, जांभया कमी झाल्या नाहीत. मग 3 ते 5 टक्के कार्बन डायऑक्साइडवाली हवा दिली, नेहमीच्या हवेत तो जेमतेम 0.04 टक्के असतो, तर श्वास वाढला पण जांभया तेवढ्याच. व्यायाम करायला लावला, तरी तेच. साधं बघा ना, चार जिने चढून आलो की आपल्याला धाप लागते, जांभया येत नाहीत. आणि पोटातलं बाळसुद्धा सोनोग्राफीत जांभई देताना दिसतं, तिथे कुठली आलीये हवा, त्याला ऑक्सिजन नाळेतून मिळतो.

फुप्फुसांचं म्हणाल तर नुसत्या जांभईवरून काही कळत नाही. हां, अचानक खूप जांभया यायला लागल्या आणि सोबत चक्कर, छातीत दुखणं असेल तर डॉक्टरकडे जाच. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीपण जांभया वाढतात, तेव्हा चालू असलेली औषधं त्यांना सांगा.

मग येते कशाने? संशोधक अँड्र्यू गॅलप यांचं म्हणणं, मेंदू थंड करायला. 2007 च्या त्यांच्या प्रयोगात कपाळावर गार पट्टी ठेवून जांभयांचा व्हिडिओ बघणाऱ्यांना जांभया खूप कमी आल्या. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाहीये अजून, पण निदान प्रयोग करून बोललेत.

आता मायेचं, ज्याचा मला सगळ्यात राग आला, कारण ऑटिझम असलेल्या मुलांना सहसा दुसऱ्याची जांभई कमी लागते आणि त्यांच्या आईवडिलांनी हे वाचलं तर काय वाटेल त्यांना? 2014 मध्ये ड्यूक विद्यापीठात 328 जणांना जांभयांचा व्हिडिओ दाखवला, 222 जणांना जांभई आली, आणि सहानुभूतीशी त्याचा पक्का संबंध काही सापडला नाही, थोडाफार सापडला तो वयाशी. उरलेले 106 जण काय निर्दयी होते? चार वर्षांखालच्या पोरांनाही दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही. माझी साडेतीन वर्षांची भाची माझ्या जांभईकडे नुसती बघत बसते, आणि परवा माझं बोट दारात सापडलं तेव्हा फुंकर घालायला पहिली तीच धावत आली.