चार बोटं ठेवून काप

सकाळी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. आमच्या माळावर जेसीबी, ओळीने खणलेले चर, शेजारी रोपांच्या पिशव्या. खाली लिहिलंय, 'चला, ओसाड माळ हिरवा करूया!' दिवसभर कामात लक्ष नाही माझं.

ओसाड म्हणे! सुप्याजवळचा माळ आहे हा. अजून चिंकारा दिसतो, खोकड दिसतं. चंडोल, धाविक, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे कुणी शिकवलं आपल्याला? सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, असं लिहिलं की झालं, कुणीही यावं आणि खणावं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. दिवाळीनंतर मामाबरोबर गवत कापायला गेले होते. विळा पार मातीला टेकवून ओढला, तर मामाने मनगटच धरलं. "चार बोटं ठेवून काप, पोरी. खालचा जीव त्याचा हाय."

शेडा, मारवेल ही गवतं एका पावसाळ्याची नसतात. वरचं वाळतं, बुडखा जमिनीत जिवंत राहतो आणि मृगाचा पाऊस पडला की फुटतो. त्याच्यासाठी ती चार बोटं. एकाच जागी मेंढरं फार चरली की आधी हीच चांगली गवतं जातात, मग कुसळी माजते, शेवटी बोटभर बारीक गवत उरतं. खोटं कशाला बोलू, चराई आमच्या लोकांनीही अती केली. मामानेसुद्धा उन्हाळ्यात माळ पेटवलाय. पण बुडखा शिल्लक असेल तर माळ सावरतो. जेसीबी बुडखाच उपटतो! आणि त्या जागी लावणार काय, तर उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडियाची झाडं. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून तर ती निवडतात. मग मेंढरांनी खायचं काय?

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तिथल्या माळांवरही झाडं लावली, आजूबाजूला ऊस आला. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. एवढं डोळ्यांसमोर घडूनही आपण तेच करतोय, याचा संताप येतो.

झाडांना माझा विरोध नाही. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, शाळेच्या आवारात लावा, मी स्वतः खड्डे खणायला येते. रोपं घेऊन आलेली पोरंही मनापासून आली होती. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांचं मनगट धरणारं कुणी नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी जाऊन आले. चराच्या कडेला मातीच्या ढिगात शेडा मुळं वर करून पडला होता, कोवळे कोंब तसेच. मामा असता तर काय बोलला असता कोण जाणे. ओल्या फडक्यात गुंडाळून पाच ठोंब आणलेत. सकाळी बांधावर लावते. अजून कुणाला हवे असतील तर उद्याच्या उद्या चला माझ्याबरोबर, परवा जेसीबी पलीकडच्या उतारावर जाणार आहे.