तीस मिलीची बाटली

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुतण्याने फोटो टाकला. मिक्सरच्या खोक्यात बसवलेली घार. डावा पंख बाहेर लोंबतोय आणि पंखाच्या पुढच्या काठाला जी पातळ कातडी असते, तिच्यात नायलॉनचा मांजा पार आत रुतलाय. डोळे मात्र टक्क उघडे, फोटो काढणाऱ्यावर रोखलेले. खाली मजकूर : "लिंबात अडकली होती. वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन केलाय. तवर कुणाची गाडी आहे का? तागडगावच्या वन्यजीव केंद्रात न्यायची म्हणतोय. पेट्रोलचे मी देतो."

दहा मिनिटं सगळे गप्प. मग तात्यांचा मेसेज आला : "आधी माणसाचं बघा. सप्टेंबरात रान वाहून गेलं, वरची माती गेली, विम्याचा पत्ता नाही, अन् ह्यांना घारीचं पडलंय." त्यावर अकरा जणांनी हात जोडले. एकाने पुढे जोडून दिलं, "पुढारी गिधाडासारखे आले, फोटो काढून गेले, त्यांचं बोला आधी." हे लिहिणारा पोरगा चोवीस वर्षांचा आहे. त्याने गिधाड पाहिलंय ते फक्त शिवीत.

इथे इंग्लंडात तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, कचरागाडीचा वार होता, बिन डे. एका हाताने लाल बिन ओढत दुसऱ्या हाताने मी टाइप करायला लागलो आणि थांबलोच नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाचा हा जुना आजार आहे. गावाकडच्या भांडणात आपल्याला कोणी बोलावलेलं नसतं, म्हणून आपण जास्त लांब लिहितो.

लिहिलं ते असं : आमच्याकडे रीडिंगला मान वर केली की रेड काइट दिसते. तांबूस अंग, दुभंगलेली शेपटी, आपल्या घारीपेक्षा अंगाने मोठी. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडातून पार संपली होती. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून नव्वदच्या आसपास कोवळे पक्षी आणून चिल्टर्नच्या टेकड्यांत सोडले. आज तिथल्या एम फोर्टी महामार्गावरून जाताना मोजायला घेतलं तर बोटं पुरत नाहीत. लोक बागेत चिकनचे तुकडे टाकतात त्यांच्यासाठी. रीडिंग विद्यापीठाने पाहणी केली तेव्हा वीस घरांमागे जवळपास एक घर त्यांना खाऊ घालत होतं. याला सिव्हिक सेन्स म्हणतात. इथे कोणी म्हणत नाही, आधी माणसाचं बघा.

तात्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : "तिकडं बसून कशाला शिकवायलास? आणि आमच्याकडं म्हंजे कुणाकडं?"

सोळा वर्षं झाली मला इथे. 'आमच्याकडे' हा शब्द नेमका कधी बाजू बदलून गेला, मला कळलं नव्हतं. तात्यांना कळलं.

पण मुद्दा सोडून कसं चालेल. 'आधी माणूस' हे वाक्य मला चीड आणतं ते त्यात दया नाही म्हणून नव्हे. तात्यांइतका दयाळू माणूस आमच्या भावकीत दुसरा नाही. चीड येते ती त्यातल्या हिशेबाची. जणू एका ताटात माणूस, दुसऱ्यात पाखरू, आणि दोन्ही ताटं वाढणारी बाई वेगळी. गिधाडांनी हा हिशेब केव्हाच खोटा ठरवलाय. नव्वदच्या दशकात गिधाडं मरायला लागली, आणि पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारात एखाददुसरंच उरलं. कारण सापडलं २००४ मध्ये. जनावरांना सूज आणि दुखण्यावर टोचायचं डायक्लोफेनॅक. औषध टोचलेलं ढोर एक-दोन दिवसांत मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याची किडनी बंद पडते. आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे होतात, मान खाली पडते आणि झाडावरच ते मरतं. गिधाडं संपवायला असं ढोर शंभरात एखादंसुद्धा लागत नाही, त्याहून कमी पुरतात; कारण एका ढोरावर अख्खा थवा उतरतो आणि गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते.

मग मेलेली ढोरं उघड्यावर सडली, कुत्री माजली, रोगराई वाढली. दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये याचा माणसांच्या बाजूने हिशेब मांडला. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. बघितलं ना तात्या, आधी माणसाचंच?

हे मी ग्रुपवर टाकलं. हात कोणी जोडले नाहीत.

मी गिधाडं पाहिलीत. चौथीत असेन. आमचा एक बैल पावसाळ्यात मेला, त्याला ओढ्याच्या पलीकडच्या माळावर टाकला होता. मी आणि बाळू बांधावरून बघत होतो. आधी कावळे, मग एक कुत्रं, मग वरून एकेक करत पंचवीस-तीस गिधाडं. उतरताना पंखांचा आवाज यायचा, कुणीतरी गोधडी झटकावी तसा. भांडणं, फिस्कारणं, एकमेकांच्या पाठीवर चढणं. दुपार कलली तेव्हा बैलाच्या जागी बरगड्यांचा सापळा होता. काहींनी इतकं खाल्लं होतं की उडता येईना. उताराकडे तोंड करून धावत सुटायची, तीन-चार उड्या मारायची आणि मग कशीबशी हवेत.

या आठवणीतही एक खोट आहे, ती सांगून टाकतो. गावाकडच्या गिधाडांच्या आठवणी काढणारे आम्ही सगळे बांधावरून पाहणारे. मेलेलं ढोर ओढून नेणारी, सोलणारी घरं वेगळी होती, गावाच्या कडेला होती, आणि त्यांच्या पोरांनी ते काम सोडलं ते बरंच केलं. त्यांच्यापैकी कोणी मला "काय दिवस होते ते" असं अजून म्हटलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, सरकार आणतंय की परत. आणतंय. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून वीस गिधाडं महाराष्ट्रात आली, दहा पेंचला, दहा ताडोबाला. म्हणजे सगळी विदर्भात. मराठवाड्याचा अनुशेष सिंचनाचा आहे, रेल्वेचा आहे, आता गिधाडांचाही मोजायला घ्या. (हा विनोद मात्र ग्रुपवर चालला. सात हशे.) गंमत बाजूला ठेवली तरी पिंजऱ्यात वाढवणं हा त्यातला सोपा भाग. बाहेर सोडल्यावर त्याला जे पहिलं ढोर सापडेल, त्याच्या रक्तात काय आहे, यावर पुढचं सगळं. म्हणजे गोष्ट पुन्हा गोठ्यात येते आणि गोठ्यातून मेडिकलवर.

मेडिकलवर यायच्या आधी इथलं थोडं सांगतो, कारण सकाळच्या मेसेजमध्ये मी अर्धंच लिहिलं होतं. इंग्लंडातली घार संपवली कोणी? इंग्रजांनीच. गोळ्या घालून, विष घालून, आणि उरल्यासुरल्यांची अंडी हौशी लोकांनी कपाटात जमवून. आजही यॉर्कशरच्या माळांवर, जिथे ग्राउस या पक्ष्याची शिकार राखलेली असते, तिथे हेन हॅरिअर नावाचे शिकारी पक्षी बेकायदा मारले जातात. त्यांचेच भाऊबंद, आपले भोवत्या, हिवाळ्यात बालाघाटच्या माळांवर गवताला पोट घासत उडतात आणि त्यांना कोणी दगडसुद्धा मारत नाही. आमच्या रस्त्यावरच्या फेसबुक ग्रुपवर उन्हाळा आला की ओरड सुरू होते, काइटने मुलाच्या हातातलं सँडविच नेलं, काउन्सिल काय झोपली आहे का? म्हणजे आधी माणसाचंच बघा. फक्त इंग्रजीत.

आणि एक. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत ऑक्सफर्डच्या रस्त्यावर मला गाडीची धडक बसलेली काइट सापडली होती. कोट टाकून उचलली, गाडीच्या डिकीत ठेवली, मुलगी मागे "डोन्ट डाय" म्हणत रडतेय. जवळच्या एका व्हेटकडे नेली. पैसे घेतले नाहीत, फॉर्म भरून घेतला, दोन तास छान बोलले. हा किस्सा मी गावाकडे अनेकदा सांगितलाय, बघा कशी सिस्टिम आहे म्हणून. सांगत नाही ते असं की संध्याकाळी त्यांचा फोन आला. पंखाचं हाड सांध्यापाशी मोडलंय, पुन्हा उडणार नाही, म्हणून कायमचं झोपवलं. सॉरी म्हणाले. त्यांचा नियम तसा आहे, आणि नियमाला कारणही आहे. रानातला पक्षी जन्मभर पिंजऱ्यात ठेवणं ते क्रूर मानतात. त्यांचं चूक म्हणायचं धाडस मला नाही. पण आमच्या बीड जिल्ह्यात तागडगावच्या त्या केंद्रात, सर्पराज्ञीत, उडता न येणारं पाखरू आलं तर त्याला जगवण्याची धडपड होते, हे मला माहीत होतं आणि मी मेसेजात लिहिलं नाही. मुद्द्याला सोयीचं नव्हतं.

आता मेडिकल.

तालुक्याच्या ठिकाणी तात्यांचं मेडिकल आहे. वडील गेल्यावर माझं इंजिनिअरिंग त्या दुकानावर झालं. तेव्हाच्या औरंगाबादेतलं होस्टेल, मेस, पुढे इकडे येण्याचं तिकीट, सगळं. २००९ आणि २०१० च्या उन्हाळी सुट्टीत मी काउंटरला उभा होतो. एप्रिल-मेचे दिवस, ऊसतोडीची माणसं कारखान्यावरून परतलेली. सहा महिने टायरगाडी ओढलेले बैल. कुणाचा खांदा सुजलेला, कुणाचा मागचा पाय धरलेला. डॉक्टर वेळेवर भेटत नाही, भेटला तर परवडत नाही.

"भाऊ, बैल लंगडायलाय. मोठी बाटली द्या."

मोठी बाटली म्हणजे तीस मिली डायक्लोफेनॅक, माणसांचं. जनावरांसाठीचं २००६ मध्येच बंद झालं होतं. माणसाला तीन मिली बस होतं. तीस मिलीची बाटली एका माणसासाठी कशाला लागते, हा प्रश्न विचारायला काही इंजिनिअरिंग शिकावं लागत नाही. बाटलीवर छापलेलंही असायचं, बारीक इंग्रजीत, की जनावरांसाठी वापरू नये. बैलवाल्याला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं. एकदा मी तात्यांना विचारलंही. ते वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याचा बैल उद्या उभा राहिला नाही तर पुढच्या साली उचल कोण देईल त्याला?" त्याच दुखण्यावरचं मेलोक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, ते फळीवर होतं. पण महाग होतं आणि कोणी मागत नव्हतं. मी बाटली कागदात गुंडाळून दिली. त्या दिवशी आणि त्यानंतरही बऱ्याचदा.

तोवर आमच्या भागातली गिधाडं संपलीच होती, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही आहे. बाटली दिली नसती तर त्या माणसाने समोरच्या दुकानातून घेतली असती, हेही खरं. २०१५ मध्ये सरकारने मोठी बाटलीच बंद केली, तीन मिलीच्या वर पॅकिंग नाही. २०२३ मध्ये जनावरांसाठीचं किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक गेलं. तात्यांनी फळी रिकामी केली, कुरकुर न करता. सिव्हिक सेन्स हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पण काउंटरवरचा तो प्रश्न, बैल की गिधाड, मला तेव्हा जेवढा अवघड वाटायला हवा होता तेवढा वाटला नाही, आणि रीडिंगच्या बागेतून आज तो फारच सोपा दिसतो.

हे सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. "तात्या, आपल्याच दुकानातून" इथपर्यंत आलो आणि पुसलं. दुकान माझं कधीपासून, 'आपल्या' कसं म्हणू? आणि नाही म्हणालो तर ही डिग्री कोणाची?

रविवारी तात्यांचा फोन आला. भांडणाचा विषय नाही. आधी हवा विचारली, मग सुनेची, मग गुडघ्यावर आले. दुकानात दुखण्याच्या जेलच्या ट्यूबांची रांग आहे, पण त्यांना इकडच्या बूट्स नावाच्या मेडिकलमधलं व्होल्टारॉलच लागतं. औषध तेच, डायक्लोफेनॅक. मी सांगून पाहिलंय; म्हणतात, आपल्याकडच्याला गुण नाही.

"घारीचं काय झालं हो?" मी विचारलं.

"टाके घातलेत म्हणं. पोरगं माझीच गाडी घेऊन गेलं होतं. सीटवर घाण करून ठेवली तिनं, अजून वास जाईना." जरा थांबले. "पेट्रोलचे घेतले नाहीत मी. तू येताना ट्यूब आण बरं का. बारकी नको, मोठी आण."