गॅस संपलाय, साहेब!

गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला? अभिनंदन! ऐन मे महिन्यात मुंबईत फुकट वाफारा मिळायला नशीब लागतं. आता सल्ला माझाच घ्या, पंधरा दिवसांत तीनदा गॅस भरून घेतलेला अनुभवी इसम आहे मी.

पहिलं म्हणजे बॉनेट उघडू नका. उघडलंत तर काहीतरी दिसेल.

एसी नेमका कधी गरम होतो, याकडेही लक्ष देऊ नका. मी दिलं. मुलुंडहून हायवेला लागलो की विक्रोळीपर्यंत महाबळेश्वर, आणि सायनला गाडी तुंबली की दोन मिनिटांत भट्टी. मागे आई लग्नपत्रिकेने वारा घेत म्हणाली, "अरे, काच तरी खाली कर." केली. शेजारी डंपर उभा होता. हे सगळं गॅरेजवाल्याला साग्रसंगीत सांगितलं. त्याने चहाचा घोट घेतला आणि जागेवरून न उठता निदान केलं, "गॅस संपलाय, साहेब."

संपतो म्हणजे काय? एसीचा गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जाळला आणि संपला? बंदिस्त नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळती असेल तिथे बहुतेकदा तेलकट डाग दिसतो, साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येतात. पण नाही, आपण असलं विचारायचं नाही. आपण १८०० रुपये काढायचे. गॅरेजच्या सावलीत पाच मिनिटं गार लागलं की "मस्त झालं" म्हणायचं. चार दिवसांनी पुन्हा जायचं, पुन्हा तेच ऐकायचं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय, तू किती भरलास, असं तर चुकूनही विचारू नका. वजनकाटा धूळ खात पडलेला असतो, बिचाऱ्याला ओशाळं होतं. आणि जास्त गॅस कोंबला की प्रेशर वाढून थंडावा उलट कमी होतो, हे त्याला सांगणारे आपण कोण?

गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम मारला का, हेही विचारायला नको.

तिसऱ्या खेपेला "कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलायला लागेल" असं ऐकलंत की होकारार्थी मान हलवा.

मी नाही हलवली. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसी लावून स्वतः बॉनेट उघडलं. गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच टक्‌ करून लागला. म्हणजे तो ठीक. कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा मात्र ढिम्म. वाकून बघितलं, तर पात्यात एक मळकं लाल फडकं पिळून अडकलेलं. पंखा जाम, फ्यूज उडालेला. तसलं फडकं माझ्या घरात नाही. मार्चमध्ये सर्व्हिसिंग कुठे झालं होतं, ते मला ठाऊक आहे.

अरे बाबा, गाडी पळते तेव्हा कंडेन्सरला वारा लागतो. उभी राहिली की पंखाच लागतो! सायनची भट्टी मी तुला पहिल्याच दिवशी सांगितली होती. तीनदा बॉनेट उघडलंस, तीनदा पाइप जोडलास, आणि वीतभर अंतरावरचा बंद पंखा तुला दिसला नाही? बघायचंच नव्हतं तुला. गॅस भरायला डोकं लागत नाही आणि पैसे रोख मिळतात. सत्तरीच्या बाईला उकडून काढलंस त्यापायी.

फडकं डिकीत ठेवलंय. येऊन घेऊन जा.