पीयूष म्हणजे मशीद बंदर

रविवारी सकाळी बायकोला दादरचा साबुदाणा वडा आठवला. घरी करू म्हणायची सोय नव्हती. गेल्या चतुर्थीला आमचा वडा कढईत फुटला होता आणि त्याच्या खुणा अजून टाइल्सवर आहेत.

"अहो, चाळीस किलोमीटर तर आहे," ती म्हणाली. डोंबिवलीकराला अंतर किलोमीटरमध्ये सांगू नये. त्यात रविवार, त्यात माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक.

ती लेडीज डब्यात चढली, मी जनरलमध्ये. आत शिरलं की ज्याच्या त्याच्याकडे बघून "कुठे?" विचारायचं, एवढाच मंत्र. तो "घाटकोपर" म्हणाला की सीट आपली. सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी. मग मधे कोणी हक्क सांगत नाही. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा 14 डब्यांत 400 पाहुणे होते. ते सगळे बसून गेले असणार. त्यानंतर थेट मी, तोही विक्रोळीनंतर, चौथ्या सीटवर, म्हणजे एक मांडी बाकावर आणि दुसरी देवाच्या भरवशावर.

दादरला उतरून हॉटेलात पोचलो तर तिथेही तीच गाडी. रांग नाही, नंबर नाही. प्रत्येक खुर्चीमागे माणसं उभी. फरक एवढाच, की जेवणाऱ्याला "कुठे?" विचारता येत नाही. ते बशीवरून ओळखायचं. मिसळीची तर्री अजून लाल दिसतेय म्हणजे माणूस ठाण्यातच आहे. थालीपिठाचा शेवटचा तुकडा लोण्यात फिरतोय म्हणजे कुर्ला. पीयूष आलं की मशीद बंदर, दाराकडे सरकायला हरकत नाही. आणि बडीशेपेची वाटी आली की फलाट लागलाच.

बायको यात माझ्यापेक्षा तयार आहे. मी एका आजोबांमागे उभा राहत होतो, तिने बाही ओढली. "त्यांनी चटणी परत मागवलीय. ते कर्जतला चाललेत."

मग आम्ही एका त्रिकोणी कुटुंबामागे उभे राहिलो. आईबाबांचं पीयूष संपलेलं, सगळी चिन्हं शुभ. पण मुलाच्या बशीत अर्धा वडा होता, आणि तो त्याचं शवविच्छेदन करत होता. दाण्याचं कूट एका बाजूला, मिरचीचा तुकडा दुसऱ्या बाजूला, मग एकेक साबुदाणा बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात बघायचा आणि खायचा. मी मनातल्या मनात साबुदाणे मोजत होतो. सत्तरच्या पुढे हिशेब चुकला. आई म्हणाली, "सावकाश खा हं, राजा." इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे केलेला अन्याय मी पूर्वी पाहिला नव्हता.

पंचवीस मिनिटांनी राजाने गादी सोडली. आम्ही बसतो न बसतो तोच वेटरने समोर दोन अनोळखी काकूंना आणून बसवलं आणि मला "जरा आत सरका" म्हणाला. इथेही चौथी सीट!

पण वडा आला आणि सगळं माफ झालं. वरून खरपूस, मोडला की आतून वाफ, आणि दाणे काचेसारखे पण एकमेकांना न चिकटलेले. ओल्या चटणीत दाणे आणि मिरची यांचं भांडण नेमकं बरोबरीत सुटलेलं. बायकोने डोळे मिटले होते. मी दुसरा वडा मागवला. चटणी तर दोनदा मागवली.

तेवढ्यात मानेवर ऊन श्वास जाणवला. मागे एक गृहस्थ, हातात छत्री, माझ्या बशीवर नजर. त्यांनी अदबीने वाकून विचारलं, "काका, तुमचं अजून किती?"

तोंडात वडा होता. सवयीने निघून गेलं, "डोंबिवली."

त्यांनी मान डोलावली आणि पलीकडच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले.