शेड्युलरसाठी ‘कधीही न पडणारा’ डेटाबेस : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सॉफ्टवेअर करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : ठरलेल्या वेळी कामे चालवणारी यंत्रणा, म्हणजे शेड्युलर, अखंड चालू ठेवायची असेल तर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हे डेटाबेस वापरू नयेत, कारण तेथे लेखन घेणारा सर्व्हर एकच असतो आणि तो पडला की सगळे ठप्प होते, शिवाय डेटाबेसच्या टेबलाचीच कामांची रांग केली की वर्कर (कामे उचलून पार पाडणारे प्रोग्रॅम) एकमेकांच्या लॉकमध्ये, म्हणजे ओळीवर लावलेल्या कुलपात, अडकतात, म्हणून कॅसँड्रा किंवा रेडिस हा डेटाबेस घ्यावा, तीन नोड (सर्व्हर) लावावेत आणि लाइट गेली तरी निर्धास्त राहावे. मच्छीमार सोसायट्या आणि आंबा बागायतदारांसाठी अशा यंत्रणा उभारणारी तरुण मंडळी हे प्रमाण मानू लागली आहेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

लॉकचा मुद्दा आधी घेतो. तो एकेकाळी खरा होता. दहा वर्कर ‘पहिले प्रलंबित काम द्या’ असे एकदम विचारत, दहाही त्याच ओळीवर येऊन थांबत आणि नऊ जण ताटकळत. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ९.५ मधील ‘स्किप लॉक्ड’ने ही अडचण दूर केली, मायएसक्यूएल ८.० मध्येही ती सोय आहे. ज्या कामाची वेळ होऊन गेली आहे अशी एक ओळ वर्कर ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ लावून मागतो. इतरांनी धरलेल्या ओळी डेटाबेस वगळतो आणि मोकळी ओळ देतो. वर्कर त्या ओळीत आपले नाव आणि ‘पुढील पाच मिनिटे हे काम माझ्याकडे’ अशी मुदत लिहून ट्रान्झॅक्शन (एकत्र मान्य होणाऱ्या बदलांचा गट) लगेच संपवतो आणि प्रत्यक्ष काम त्यानंतर करतो. तो मध्येच बंद पडला तर मुदत उलटल्यावर दुसरा वर्कर ते काम उचलतो. ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून त्याच्या आत मिनिटेच्या मिनिटे काम करत राहण्याची चूक मात्र सर्रास दिसते, आणि दोष डेटाबेसच्या माथी येतो.

आता कॅसँड्रा. शेड्युलरला डेटाबेसकडून सर्वात आधी हवे असते ते एकमत : अमुक काम कोणी घेतले याचे एकच उत्तर. मिरकरवाडा बंदरावरील लिलावात एकाच टोपलीवर दोघांची बोली मान्य झाली तर जो गोंधळ होईल, तोच येथे होतो. काम ‘सभासदाच्या खात्यात डिझेल परताव्याची रक्कम जमा करा’ असे असेल तर तो गोंधळ थेट पैशांचा ठरतो. कॅसँड्राच्या साध्या लेखनात ज्या नोंदीचा टाइमस्टॅम्प (वेळेचा शिक्का) नंतरचा ती टिकते. दोन वर्करांनी एकाच सुमारास ‘हे माझे’ असे लिहिले तर दोघांनाही ‘झाले’ असेच उत्तर मिळते. हे टाळण्यासाठी लाइटवेट ट्रान्झॅक्शनची (आधी तपासून मगच लिहिण्याची) सोय आहे, पण ती पॅक्सॉस या एकमत साधणाऱ्या पद्धतीवर चालते आणि तिला बहुसंख्य रेप्लिकांची (डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या नोडांची) संमती लागते. थोडक्यात, एखादाच नोड उरला तरी लेखन चालू राहते या ज्या गुणासाठी कॅसँड्रा घेतला, तो गुण ऐन गरजेच्या जागी सोडून द्यावा लागतो. त्यात भर म्हणजे, पुसलेल्या प्रत्येक नोंदीची खूण कॅसँड्रा मुळातल्या सेटिंगनुसार किमान दहा दिवस जपतो, आणि सतत भरणाऱ्या व रिकाम्या होणाऱ्या रांगेत वाचन त्या खुणांवरूनच सरपटत जाते. पोस्टग्रेसमध्येही मृत (जुन्या, निरुपयोगी) ओळी साचतात आणि त्या साफ करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमकडे लक्ष द्यावे लागते, हे मान्य. पण ते काम आटोक्यातले आहे.

रेडिसबद्दल थोडक्यात. त्याचे रेप्लिकेशन (प्रती पाठवणे) असमकालिक असते, म्हणजे मुख्य सर्व्हर प्रत पोहोचण्याची वाट पाहत नाही. मुख्य सर्व्हरने ‘नोंद झाली’ असे कळवले आणि ती रेप्लिकाकडे पोहोचण्याआधीच तो पडला, तर त्याच्या जागी मुख्य म्हणून बढती मिळालेल्या रेप्लिकाला त्या कामाचा पत्ताच नसतो. कॅशसाठी (डेटाच्या तात्पुरत्या साठ्यासाठी) हे चालून जाते, पहाटेच्या वादळी इशाऱ्यासाठी चालत नाही.

‘लेखन घेणारा सर्व्हर एकच’ हा मुद्दा अर्धा खरा आहे. पोस्टग्रेसमध्ये लेखन एका वेळी एकाच सर्व्हरवर होते, पण तो सर्व्हर कायम तोच राहावा असे बंधन नाही. दोन स्टँडबाय (प्रत ठेवणारे राखीव सर्व्हर) ठेवून त्यांपैकी कोणत्याही एकाने पोच दिल्यावरच कमिट (लेखन पक्के होणे) मान्य करण्याची सोय आवृत्ती १० पासून आहे. दोन म्हणतो ते मुद्दाम, कारण एकच समकालिक (ज्याच्या पोचेची वाट पाहिली जाते असा) स्टँडबाय असेल तर तो पडताच मुख्य सर्व्हरही कमिटसाठी थांबून राहतो. बढती कोणाला द्यायची हे पॅट्रोनीसारखे साधन एटसीडी या बहुमताने नोंदी ठेवणाऱ्या साठ्याच्या मदतीने ठरवते, आणि तेवढा वेळ, साधारण अर्धा-पाऊण मिनिट, लेखन थांबते. मिनिटाच्या हिशेबाने चालणाऱ्या शेड्युलरमध्ये काम तेवढे उशिरा होते, हरवत नाही. मात्र प्रत्येक ओळीत ‘या वेळेनंतर करू नये’ असा रकाना हवाच : पहाटे चारचा समुद्रस्थितीचा संदेश तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) होडी सुटल्यावर मिळून उपयोग नाही.

कोणताही डेटाबेस घेतला तरी एक गोष्ट उरते. वर्कर मेला आहे की नुसता रेंगाळला आहे, हे बाहेरून कळत नाही, म्हणून एखादे काम कधीतरी दोनदा सुरू होणारच. जॉब क्रमांक आणि नियोजित वेळ मिळून एक युनिक की (एकदाच नोंदता येणारी खूण) करावी, रक्कम जमा करण्याची नोंद त्याच कीखाली व्हावी, म्हणजे दुसरा प्रयत्न आपोआप नाकारला जाईल. कुबरनेटिस या सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीतील क्रॉनजॉब या शेड्युलरची अधिकृत माहितीसुद्धा काम क्वचित दोनदा सुरू होऊ शकते असे सांगते आणि अशीच खबरदारी सुचवते.

राहिला विजेचा मुद्दा, आणि कोकणात तो सर्वात गंभीर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. एका खोलीत, एका फीडरवर (वीजवाहिनीवर), एकाच फायबरवर ठेवलेले तीन नोड अशा वेळी एकदमच जातात, मग त्यांवर कॅसँड्रा असो वा पोस्टग्रेस. बहुमताला तिघांपैकी दोघे लागतात, म्हणून दोन ठिकाणांत केलेली विभागणीही पुरत नाही : दोन नोड असलेले ठिकाण गेले की उरलेला एकटा निर्णय घेऊ शकत नाही. एक रत्नागिरीत, एक मुंबईत आणि एक पुण्यात, अशी तीन वेगळी ठिकाणे हवीत. त्यामुळे प्रत्येक कमिटला काही मिलिसेकंद जास्त लागतील, ते शेड्युलरला जाणवणारही नाहीत. सेकंदाला हजारो कामे असतील किंवा अनेक प्रदेशांतून लेखन घ्यायचे असेल, तर कॉक्रोचडीबी किंवा युगाबाइट या अनेक सर्व्हरांवर पसरणाऱ्या डेटाबेसांचा विचार जरूर करावा; दिवसाला काही हजार संदेशांसाठी तो खटाटोप नको.

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात आणि संदेशांचा भार उतरतो. मुख्य सर्व्हरची वायर प्रत्यक्ष उपटून फेलओव्हरची (स्टँडबायने मुख्य सर्व्हरची जागा घेण्याची) चाचणी त्याच दिवसांत घ्यावी, आणि नंतर युनिक कीने नाकारलेल्या प्रयत्नांची यादी ओळीने तपासावी.