‘कोणताही स्क्रू घ्या, टोक काढा’ या सल्ल्याने चांगले कार्ब्युरेटर वाया जातात

जुन्या मोटरसायकलींबद्दलचा एक सल्ला सध्या भरपूर फिरतोय. त्याचा सारांश असा: कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं मिश्रण कमीजास्त करणारा) मिळत नसेल तर त्याच जाडीचा कोणताही स्टीलचा स्क्रू घ्या, ग्राइंडरवर टोक काढा, शेवटपर्यंत आवळा आणि दीड फेरा मागे फिरवा, स्प्रिंग, ओ-रिंगची गरज नाही, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा भाग) लहान वाटला तर बारीक ड्रिल मारा.

सुटा भाग मिळत नसेल तर स्वतः बनवावा, हे मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः लेथवर असे स्क्रू बनवतो. पण वरच्या पद्धतीने बनवलेला स्क्रू बसवून बिघडलेले कार्ब्युरेटर माझ्याकडे येतात, तेव्हा स्क्रू बदलून भागत नाही. बॉडीच गेलेली असते.

‘त्याच जाडीचा स्क्रू’ इथूनच घोळ सुरू होतो. जाडी जुळली म्हणजे आटे जुळले असं नाही. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला 1 मिमीची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असू शकते, तशी 0.75 मिमीचीही. जुन्या ब्रिटिश मापांत तर आणखी फसगत आहे. 0 बीए (ब्रिटिश असोसिएशन) या आट्याचा व्यास 6 मिमी आणि पिच 1 मिमी, म्हणजे कागदावर अगदी आपला एम6. पण त्याच्या आट्याचा कोन 47.5 अंश असतो आणि मेट्रिकचा 60 अंश. दोन फेरे हाताने जातात, मग जड लागतं, माणूस जोर लावतो आणि बॉडीतले मऊ आटे सोलून निघतात. पिच गेज लावून बघायला एक मिनिट लागतं.

आता टोक. सल्ला देणारे म्हणतात, ‘टोकाचा कोन कितीही असू दे, शेवटी ट्यूनिंग करायचंच आहे.’ मला सगळ्यात जास्त आक्षेप आहे तो यावर. हा स्क्रू काही धरून ठेवण्यासाठी नसतो, तो एक व्हॉल्व्ह आहे. 0.75 पिचचा स्क्रू पाव फेरा फिरवला की सुमारे 0.19 मिमी मागे येतो. टोकाचा एकूण कोन 20 अंश असेल तर सीटपाशी (भोकाची जी कड टोक बंद करतं तिथे) फट साधारण 0.03 मिमीने वाढते, 40 अंश असेल तर 0.06 मिमीने. म्हणजे तेवढ्याच फिरवण्यात दुप्पट बदल. मग आयडलिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचं सावकाश चालणं) एका जागी ठरत नाही, जरा फिरवला तर गाडी बंद पडते, जरा उलटा फिरवला तर घुमते. मालकाला वाटतं पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) तुंबलाय.

कोन काढणं अवघड नाही. जुन्या स्क्रूच्या टेपरवर (निमुळत्या भागावर) दोन जागी व्यास मोजा आणि त्या दोन जागांमधलं अंतर मोजा. व्यासातला फरक भागिले अंतराची दुप्पट, हा अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. 2 मिमीवरून 1 मिमीवर यायला 2.84 मिमी लागत असतील तर अर्धा कोन 10 अंश. लेथची कंपाउंड स्लाइड (हत्यार कोनात सरकवणारा भाग) या अर्ध्या कोनावर लावायची, पूर्ण कोनावर नाही. ही चूक मी पहिल्यांदा केली आहे. मात्र जिथे टोक सीटवर टेकून झिजलंय आणि बारीक कडं पडलंय, तिथे माप घेऊ नका. टोक तयार झालं की त्याला मार्करची शाई लावायची, स्क्रू बोटांच्या चिमटीने हलकेच टेकवून थोडा फिरवायचा आणि काढून बघायचं. शाई सगळ्या बाजूंनी एकसारखी पुसली गेली असेल तर स्क्रू बरोबर. एकाच बाजूला पुसली असेल तर टोक केंद्रात नाही. ग्राइंडरवर हातात धरून काढलेलं टोक केंद्रात येणं जवळपास अशक्य आहे.

स्टील का नको? कारण सीट मऊ धातूची असते. एका कार्ब्युरेटरमध्ये मी भिंगातून पाहिलं तर स्टीलच्या टोकाने सीटचं गोल भोक लंबगोल केलं होतं. पितळी टोक स्वतः झिजतं, सीटला वाचवतं. पण पितळही शेवटपर्यंत ‘आवळायचं’ नसतं, फक्त टेकवायचं; जोर लावला की टोक मोडून भोकात अडकतं आणि ते काढणं फार कठीण असतं.

‘दीड फेरा’ हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे आणि तोही कार्ब्युरेटरगणिक बदलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्क्रू कोणत्या बाजूला आहे. मिकुनी व्हीएम किंवा अमल कॉन्सेंट्रिक या कार्ब्युरेटरवर तो हवेचा स्क्रू आहे: बाहेर काढला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी). पुष्कळ सीव्ही (इंजिनच्या ओढीने स्लाइड उचलली जाणाऱ्या) कार्ब्युरेटरवर इंजिनच्या बाजूला मिश्रणाचा स्क्रू असतो: बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). एकच नियम दोन्हींना लावला तर एका गाडीत तुम्ही बरोबर उलटं करताय. ज्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, तिथे लीन मिश्रण म्हणजे तेलही कमी.

स्प्रिंग नसेल तर इंजिनच्या थरथरीने स्क्रू आपोआप फिरतो. जिथे ओ-रिंग दिलेली आहे तिथे ती नसली तर आट्यांमधून हवा ओढली जाते. क्रम असा: आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग टोकाकडे ओ-रिंग. ओ-रिंग व्हायटन रबरची घ्या, इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ती टिकते.

राहिला जेट. 1.00 मिमीचं भोक 1.05 केलं की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. शिवाय ड्रिल भोकाच्या कडेला बर (धातूची बारीक खरखरीत धार) सोडतं, आणि प्रवाह त्या कडेवरही ठरतो. मिकुनीचे षटकोनी मेन जेट आणि अमलचे जेट यांवरचे आकडे व्यासाचे नाहीतच, प्रवाहाचे आहेत. त्यामुळे ड्रिलच्या मापावरून नंबर काढता येत नाही. नीडल जेटला (ज्यात सुई वरखाली होते) तर ड्रिल लावूच नका: मिकुनीचा पी-0 2.650 मिमीचा आणि पी-2 2.660 मिमीचा असतो, आणि त्या एका शतांश मिलिमीटरने अर्ध्या थ्रॉटलवर गाडीचा स्वभाव बदलतो.