चार बटणं, एक नाव

१५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेचं मतदान झालं तेव्हा मी इथे डब्लिनमध्ये होते आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून शाई लावलेल्या बोटांचे फोटो येत होते. खरंच बरं वाटलं बघून. आधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ चं, नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि तिथून पुढे जवळजवळ चार वर्षं नुसतं प्रशासकराज. आमच्याकडे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे असतात, म्हणून मी विचारलं, चारही जागांवर कुणाकुणाला दिलंत? काकांचं उत्तर आलं, "वरून खालपर्यंत एकच चिन्ह." चुलतभावाने एक नाव सांगितलं. आणि बाकीचे तीन? "त्याच्याच पॅनेलमधले."

मी त्यांना काय बोलणार, २०१७ ला मीही तेच केलं होतं. अ, ब, क, ड अशा चार जागा, चारही बटणं दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नाही, मागे रांग, मी ओळखत होते एकाला आणि उरलेली तीन बटणं चिन्ह बघून दाबली. त्या तिघांची नावं मला आजही सांगता येणार नाहीत, आणि पाच वर्षं आमच्या गल्लीतला कचरा, ड्रेनेज, पाणी हे सगळं त्यांच्याही हातात होतं. ह्याची मला आता खंत वाटते.

आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहता आणि यादीत नाव आहे एवढं पुरतं, त्यामुळे ७ जून २०२४ ला मी भारतीय पासपोर्टवरच मत दिलं. इथेही एका वॉर्डातून तीन ते सात जण निवडून जातात, पण बटण नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या फोटोसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की तुमचं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. म्हणजे दुसरं आणि तिसरं नावसुद्धा विचार करूनच लिहावं लागतं, आणि म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा किचनच्या टेबलावर सगळ्यांची पत्रकं पसरून वाचत बसले. त्यातली एक उमेदवार पावसात भिजत दारात आली होती. मी बसची तक्रार केली तर म्हणाली बस आमच्या काउन्सिलकडे नाही, पण कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे तो आमचा, आणि तिथेच वहीत लिहून घेतलं. मतदानाच्या आधी "हे माझ्या हातात नाही" असं सांगणारा उमेदवार मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

इथे सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाहीये. मतदान इथेही निम्म्याच्या आसपासच होतं. आणि इथल्या काउन्सिलकडे तसं आहे तरी काय, पाणी राष्ट्रीय कंपनीकडे, शाळाही काउन्सिलकडे नाहीत. पुणे महापालिकेकडे पाणी आहे, प्राथमिक शाळा आहेत, दवाखाने आहेत, पीएमपीत, म्हणजे शहरातल्या बससेवेत, वाटा आहे. जिथे एवढं हातात आहे तिथे आपण एका नावावर चार बटणं दाबून येतो!

काका म्हणतात चौघं एका पक्षाचे असले की निधी येतो, भांडणं होत नाहीत. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण मग रस्ता खणलेला पडला की जाब कुणाला विचारायचा, हा म्हणतो त्याचं काम, तो म्हणतो ह्याचं. महिला राखीव जागेच्या फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो मोठा आणि उमेदवार बाई कोपऱ्यात, हेही आपण चालवून घेतो. प्रभाग दोन नगरसेवकांचा, चारचा, मध्येच तीनचा करायचं ठरलं आणि पुन्हा चारचा, हा खेळ सरकारांचा आहे आणि त्यात मतदाराचा काही दोष नाही, पण चारही नावं वाचायला तर कुणी अडवलेलं नाही ना.

माझी आत्या किरकटवाडीला राहते. जून २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली त्यातलं ते एक, म्हणजे ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक निवडायची वेळ यायच्या आत प्रशासक आले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी ह्या पट्ट्यात जीबीएसचे (गुईलेन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) पेशंट सापडायला लागले, पाण्यावर संशय होता, तेव्हा आत्या पाणी उकळून गाळून पीत होती आणि मला फोनवर विचारायची, "अगं सरपंच नाही, नगरसेवक नाही, मी सांगू कुणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून ह्या वेळी मतदानाच्या आधी आम्ही दोघी तीन रात्री व्हिडिओ कॉलवर बसलो. निवडणुकीचा फॉर्म भरताना उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं असतं, जेवढी मिळाली तेवढी मी मोठ्याने वाचली आणि आत्याने वहीत चार रकाने पाडले. एकाच्या नावावर बराच जमीनजुमला निघाला. आत्या म्हणाली, "हा तर मागच्या महिन्यात देवदर्शनाची बस घेऊन आला होता, पाण्याचं एक अक्षर बोलला नाही." प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला तिने एकच प्रश्न विचारला, आमच्या लाईनला शुद्ध केलेलं पाणी कधी येणार. दोघांनी नीट उत्तर दिलं. तिने चार जागांवर तीन वेगवेगळी चिन्हं दाबली.

निकालानंतर निवडून आलेल्या चौघांचे नंबर तिने फ्रीजवर लावलेत. गेल्या रविवारी विचारलं तर म्हणाली दोघांनी उचलला, दोघांचा लागत नाही, रोज सकाळी चहा झाला की परत लावते.